एकशे तेवीस पोती पृथ्वी

आमच्या विज्ञान-वार्तापत्राचा जन्मच मंगळावर झाला. म्हणजे मंगळामुळे झाला. ऑगस्ट २००४. सांगलीत आमच्या शेजाऱ्यांच्या अमेरिकेतल्या मुलानं ईमेल पाठवली, शेजाऱ्यांनी ती सायबर कॅफेत छापून आणली, तिची झेरॉक्स सोसायटीच्या फळ्यावर लागली : २७ ऑगस्टच्या रात्री मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार, हा योग पुन्हा नाही. गच्चीवर चटया पडल्या. थर्मास आले. एका आजोबांनी तर नातवाला दुपारी सक्तीनं झोपवून रात्रीसाठी ताजंतवानं करून ठेवलं होतं. आता ऑगस्टात सांगलीचं आभाळ कसं असतं हे मी सांगायला नको. त्या रात्री चंद्रसुद्धा चंद्राएवढा दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी चौकशी केली, तेव्हा कळलं की बातमी खोटी नव्हती, शिळी होती. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरंच पृथ्वीपासून साधारण साडेपाच कोटी किलोमीटरवर आला होता. आणि मूळ मजकुरात म्हटलं होतं की दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून पाहिलात, तर तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. प्रवासात दुर्बीण गळून पडली, वर्षही गळलं, चंद्र तेवढा उरला. गंमत म्हणजे २००४ च्या त्या रात्री मंगळ आकाशात सूर्याच्या इतका जवळ होता, की ढग नसते तरी तो कुणालाही दिसला नसता. आम्ही चटया घालून ज्याची वाट पाहत होतो तो सूर्याबरोबरच मावळून गेला होता.

हे मी वाचनालयात चारचौघांत सांगितलं आणि वर म्हणालो, ‘‘असल्या बातम्या नीट तपासून कुणीतरी छापून वाटायला पाहिजेत.’’ सार्वजनिक कामात ‘कुणीतरी’ हा शब्द ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघतो, त्याच्या गळ्यात लोढणं पडतं. महिन्याभरात मी संपादक झालो होतो. आठ पानं, तीनशे प्रती, मानधन शून्य.

संपादक मंडळ रविवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवर बसतं. मंडळात भौतिकशास्त्राचे निवृत्त सर आहेत, जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई आहेत, बँकेत असल्यामुळे आपोआप खजिनदार झालेल्या वहिनी आहेत, अंक लावणारा डीटीपीवाला पोरगा आहे आणि मधोमध भडंगाची परात आहे. कुणालाच पगार नसल्यामुळे कुणाला काढून टाकता येत नाही, आणि रागावताही येत नाही. नोकरीत माणूस उशिरा आला तर त्याचा पगार कापतात. इथं माणूस आला यातच आपण पाणी पाणी होतो आणि परात त्याच्याकडे सरकवतो.

आमची अर्धी शक्ती शब्दांवर जाते. सरांना ‘पुंज यामिकी’ हवी असते, बाई म्हणतात, ‘‘लोक क्वांटम म्हणतात, क्वांटमच छापा.’’ सर म्हणतात, ‘‘पेशीला पेशी म्हणता, जनुकाला जनुक म्हणता, मग आमच्याच विषयानं काय पाप केलंय?’’ एकदा या रागात त्यांनी जुन्या पुस्तकातला ‘कर्बद्विप्राणिद वायू’ लेखात घातला. डीटीपीवाल्या पोराला वाटलं, सरांचं अक्षर लागत नाहीये. त्यानं आपल्या बुद्धीनं सुधारून टाकला : ‘करबद्ध प्राणी वायू’. गेल्या शंभर वर्षांत वातावरणातल्या करबद्ध प्राणी वायूचं प्रमाण वाढल्यानं पृथ्वी तापते आहे, असं तीनशे प्रतींत छापून गेलं.

पैशांचा विषय निघाला की सर हेन्री ओल्डेनबर्गचं नाव काढतात. या गृहस्थानं १६६५ मध्ये लंडनला रॉयल सोसायटीच्या वर्तुळात ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक स्वतःच्या खिशातून सुरू केलं. चार पैसे सुटतील अशी त्याला आशा होती. परदेशातल्या विद्वानांची पत्रं यायची, त्यांतून बातम्या निघायच्या. पुढे डचांशी युद्ध सुरू असताना सरकारला या पत्रव्यवहाराचा संशय आला आणि १६६७ मध्ये संपादकमहाशयांची रवानगी टॉवर ऑफ लंडनमध्ये झाली. ‘‘बघा,’’ सर म्हणतात, ‘‘आपलं तर काहीच नाही.’’ वहिनी पावतीपुस्तकातून मान वर न करता म्हणतात, ‘‘त्यांना निदान राहायला जागा तरी मिळाली. आपल्याला माडीचं भाडं द्यायचंय.’’

सरांची दुसरी श्रद्धा जास्त महागात पडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत कुणा ‘नारायण विनायक जगताप’ यांच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव! आपल्या नावामुळे निकाल झुकू नये म्हणून घेतलेलं. गोष्ट मोठी सुंदर आहे, पण संपादकाच्या डोक्यात शिरली की तो कामातून गेला. तेव्हापासून सर कुठल्याही अनोळखी लेखकाचा मजकूर परत करू देत नाहीत. ‘‘कोण जाणे, जगताप असतील!’’ एकदा एक गृहस्थ पाण्यावर चालणाऱ्या मोटरसायकलीचा बावीस पानी लेख घेऊन आले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, तीन रविवार ऊर्जेच्या अक्षय्यतेवर चर्चा केली. चौथ्या रविवारी गृहस्थ आले नाहीत. त्यांची मोटरसायकल वाटेत बंद पडली होती. पेट्रोल संपलं म्हणून.

बातमी खरी निघेल की नाही याचा घोर तर कायमचाच. सप्टेंबर २०११ मध्ये इटलीतल्या ‘ऑपेरा’ प्रयोगातले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्याची बातमी आली. मथळा ठरला ‘आइनस्टाइन चुकला’. पुढे प्रश्नचिन्ह की उद्गारचिन्ह यावर अडीच तास आणि पाऊण किलो भडंग. शेवटी प्रश्नचिन्ह एका मतानं जिंकलं. फेब्रुवारीत कळलं की प्रयोगातली एक ऑप्टिकल फायबरची केबल नीट बसलेली नव्हती. मी हे घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, ‘‘यात नवीन काय? आपल्याकडे मॅचच्या दिवशी दर वेळी हेच होतं.’’

पण आमच्या इतिहासातला सुवर्णक्षण वेगळाच. सरांनी ग्रहांवर लेखमाला लिहिली. त्यात पृथ्वीचं वस्तुमान होतं, सहा गुणिले दहाचा चोविसावा घात किलोग्रॅम. सरांच्या हस्तलिखितात चोवीस हा आकडा दहाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत बसलेला होता. फॉन्ट बदलताना तो डोक्यावरून उतरला आणि शेजारी मांडी घालून बसला. छापून आलं : ६ × १०२४ किलो.

आठवड्यात मार्केट यार्डातून एक पोस्टकार्ड आलं. हळदीचे एक अडते, ज्यांना यार्डात सगळे अण्णा म्हणतात, त्यांच्या ठसठशीत अक्षरात.

‘‘आपल्या अंकाप्रमाणे पृथ्वी भरते ६,१४४ किलो. पन्नासच्या पोत्यानं एकशे तेवीस पोती, शेवटचं थोडं रितं. आमच्या अडतीला एका सौद्यात याहून जादा माल उतरतो. गाळा रिकामा आहे. गाडी पाठवू का? हमाली, तोलाई वेगळी पडेल.’’

मंडळात हास्याचा फवारा उडाला. फक्त सर हसले नाहीत. त्यांना पृथ्वी सहा टनांची झाल्याचं दुःख नव्हतं. ‘‘हे गृहस्थ ‘भरते’ म्हणतात,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणजे वजन! मी वस्तुमान लिहिलंय. पृथ्वी कशावर ठेवून भरणार हे?’’

मग पत्रांचा पूर आला. लेखमालेचे सहा भाग झाले होते, त्यांवर एकही पत्र नव्हतं. पृथ्वीच्या पोत्यांवर सदतीस! एका निवृत्त तलाठ्यानं विचारलं, सातबारा कुणाच्या नावावर? शाळेतल्या एका मुलीनं मात्र चौकोनी वहीच्या कागदावर खरा घात लिहून, चोवीसभोवती लाल वर्तुळ काढून पाठवलं. खाली ‘कळावे’ होतं.

मी माफी मागायला यार्डात गेलो. गाळ्यात पाय ठेवला आणि शिंकलोच. अण्णांनी गादीवर जागा केली आणि मागच्या फळीवरून आमच्या अंकांची फाइल काढली. पहिल्यापासूनचे अंक, तारखेवार ओवलेले. इतके अंक माझ्या घरीसुद्धा नाहीत. अण्णांनी एक पान उघडलं. ‘‘इथं छापलंय, हळदीचं पेटंट अमेरिकेतल्या कोर्टानं रद्द केलं. कोर्टानं नव्हे, पेटंट ऑफिसनं. पंच्याण्णवला दिलं, सत्त्याण्णवला काढून घेतलं. माशेलकर साहेबांच्या सीएसआयआरनं जुने ग्रंथ पुढं मांडले की, जखमेला हळद लावायची यात शोध कसला. ती दोन वर्षं यार्डात आमची चेष्टा चालायची, गिऱ्हाईक हळद हुंगायला लागला की म्हणायचं, दादा, जपून, रॉयल्टी पडंल.’’

‘‘मग तेव्हाच का नाही कळवलंत?’’

‘‘म्हटलं, बघू, पोरांच्या आपल्याआप ध्यानात येतंय का. सात वर्षं झाली.’’

मंडळात ठराव झाला की चूक काढणाऱ्याला प्रूफं द्यायची. बाहेर राहून तो पोस्टकार्डं पाठवणार, त्यापेक्षा आत बसून भडंग खाऊ दे. अण्णा प्रूफं गाळ्यातच वाचतात, सौदा आणि चहाच्या मधल्या वेळात. पहिल्या अंकाला त्यांनी एकोणीस चुका काढल्या. त्यांतल्या दोन सरांच्या होत्या, त्यामुळे सर दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते अण्णांना वजन आणि वस्तुमान यांतला फरक समजावायला. अण्णांनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, ‘‘सर, काटा वस्तुमान दाखवतो का वजन?’’ सर उत्तर देताहेत. अजून.

फक्त एक झालं. अण्णांच्या बोटांना दिवसभराची हळद असते. प्रूफ धरतील तिथं पिवळा ठसा उमटतो. डीटीपीवाल्या पोरानं ते पाहिलं आणि त्याला वाटलं, पिवळं केलेलं म्हणजे महत्त्वाचं. त्यानं ठशाखालचा प्रत्येक शब्द इमानदारीनं ठळक केला. ‘आणि’, ‘तथापि’, ‘या संदर्भात’, पान तीनवर ‘नव्हे’, आणि शेवटच्या पानावर वहिनींच्या हिशोबातला ‘तूट’.

त्या अंकाला बावीस पत्रं आली. एकानं सगळे ठळक शब्द क्रमानं लिहून काढले होते आणि वाक्य लागत नाही, एखादा शब्द गाळलाय का, असं विचारलं होतं.