आपल्याकडे आहे की!

आमचे सासरे तात्या यांना जगात काहीही नवीन दाखवणं अशक्य आहे. ते परगावी जातात ते फक्त खात्री करून घ्यायला, की तिथं जे आहे ते आधीपासून सातारा जिल्ह्यात आहे.

मी फिलिपिन्समध्ये, लोस बान्योसच्या भात संशोधन संस्थेत नोकरीला. पाहुणा आला की त्याला गावामागच्या माकिलिंग डोंगरावर न्यायचं, ही इथली रीत. हा निद्रिस्त ज्वालामुखी, उंची १०९० मीटर. "म्हणजे महाबळेश्वरापेक्षा बुटका," तात्यांनी पायथ्यालाच निकाल दिला. हे राखीव जंगल विद्यापीठाच्या ताब्यात आहे, नाव नोंदवल्याशिवाय वर सोडत नाहीत. "कासलाही आम्ही नोंदणी ठेवलीय," तात्या म्हणाले. तिथं ते स्वतः कुंपणाला वळसा घालून आत जातात, एवढं मात्र वाटाड्याला सांगितलं नाही.

ज्वालामुखी म्हटल्यावर माणूस जरा दबकतो. तात्यांनी काठी आपटली. "सह्याद्री तरी काय? लाव्हाच. आमचं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच उरकलं!" शेजाऱ्याआधी घराचा स्लॅब पडल्याचा आनंद होता आवाजात. पुढे रटरटणारा चिखल आला, गंधकाची वाफ आली. "वज्रेश्वरीला निदान अंघोळ तरी करता येते."

मग जळवा लागल्या. मी नाचायला लागलो. तात्यांनी शांतपणे चंची उघडली, तंबाखू ओली करून माझ्या पोटरीला चोळली, वाटाड्याच्याही. "आंबोलीच्याच दिसतायत." कबूल करतो, त्या घडीला मला ते थोर वाटले.

वाटाड्यानं मोठ्या अदबीनं रॅफ्लेशिया दाखवलं. ना खोड, ना पान. द्राक्षाच्या कुळातल्या रानवेलीचं रक्त पिऊन जगणारं, मध्यम थाळीपीठाएवढं लाल फूल. कळी महिनोन् महिने वाढते आणि फूल आठवडाभरात सडतं. लोक ते पाहायला समुद्र ओलांडून येतात. तात्यांनी वाकून हुंगलं. "सुरण फुलला की हाच वास. माश्याही त्याच."

वाटाड्याचा चेहरा पडला. तरी खालच्या अंगाला त्यानं हुकमी पान टाकलं: पाचूवेल. हिरवट-निळ्या फुलांचे हातभर लांब घोस, रंग असा की खोटा वाटावा. रानात ही वेल फक्त फिलिपिन्समध्ये, आणि मध प्यायला उलटी लटकणारी वटवाघळं तिचं परागीकरण करतात. तात्या गप्प झाले. मला वाटलं, सातारा हरला.

"पैठणीत आहे हा रंग," ते शेवटी म्हणाले, आणि खाली पडलेलं एक फूल सासूबाईंसाठी खिशात घालू लागले.

वाटाड्यानं हात धरला. हा डोंगर मारिया माकिलिंग नावाच्या देवतेचा. इथलं काही उचललं तर ती परतीची वाट चुकवते. मी भाषांतर करून सांगितलं. तात्यांनी फूल मुकाट्यानं होतं तिथं ठेवलं.

"देवराईतलं आम्हीही उचलत नाही," ते म्हणाले. "जावईबापू, फोटो काढा. येवल्याच्या विणकराला दाखवू."