मातीचा रिपोर्ट

घर बांधताना आपण मुहूर्त काढतो, वास्तूवाल्याला बोलावतो, भूमिपूजनही करतो. मातीची पूजा होते, तपासणी राहते. बोअर मारायचा तो पाण्यासाठी. खाली मुरूम आहे की काळी माती, हे पाहायला पैसे कोण घालवणार? शेजाऱ्याचा रिपोर्ट असतोच, नाव तेवढं बदलायचं. (गट नंबरही, आठवलं तर.)

कागदावरच विसंबायचं, तर भूकंपाच्या नकाशावर लातूर जिल्ह्यातली किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात तिथल्या दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. नकाशाला जाग यायला २००२ उजाडलं. लातूर तिसऱ्या झोनमध्ये गेलं, पहिला झोन रद्दच झाला. पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी काळी माती मात्र अजून तिथेच आहे.