साहेबांची सीट

तुडीलच्या एसटीत एक सीट आमदारांसाठी राखीव आहे. तशी ती राज्यभर असते, पण महाडच्या खाडीपट्ट्यातल्या गाडीत जरा जास्तच खुलते. खिडकीवर रंगाने लिहिलंय, 'विधानसभा सदस्य'. त्यातला 'सदस्य' अर्धा उडालाय, विधानसभा शाबूत आहे. रेक्झिन फाटून फोम बाहेर आलाय आणि त्या फोमला कोणीतरी च्युइंगम चिकटवून ठेवलंय. लोकप्रतिनिधीची केलेली ही शाही सोय.

माझं बोट कोणा एका साहेबांकडे नाही. आत्ताचे, मागचे, त्यामागचे, सगळे धरून बोलतोय.

परवा त्या सीटवर एक आजी बसल्या. महाडच्या दवाखान्यातून परतत होत्या, मांडीवर एक्स-रेचं पाकीट. कंडक्टर गमतीने म्हणाला, "आजी, साहेब आले तर उठावं लागेल हां."

"येऊ दे मेल्याला. मांडीवर घेते."

आजींना अर्धं तिकीट पडलं. साहेबांना पूर्ण माफ असतं.

खरं तर साहेबांची कारकीर्द एसटीपासूनच सुरू होते. कॉलेजात असताना दारात लोंबकळायचं, गाडी वेळेवर येत नाही म्हणून फाट्यावर रास्ता रोको करायचा. पहिली केस तिथलीच, पेपरातला पहिला फोटोही तिथलाच. सरपंच झाले की बुलेट, पंचायत समितीत जीप, जिल्हा परिषदेत बोलेरो. आणि ज्या दिवशी एसटीत बसायला हक्काची जागा मिळते, नेमकी त्याच दिवशी एसटी सुटते. साहेबांच्या ड्रायव्हरचा पगार सरकार देतं, 2022 पासून महिना 20 हजार. म्हणजे साहेबांनी एसटीत बसू नये म्हणून सरकार खर्च करतं आणि बसलेच तर, म्हणून सीटही राखून ठेवतं.

समजा, बसलेच. सीट एकाची, पण साहेब एकटे कसे येणार? पीए, दोन अंगरक्षक, चार कार्यकर्ते, शिवाय मोबाइलवर शूटिंग करणारा एक पोरगा. सुटायच्या आधी बंपरवर नारळ फुटणार, ड्रायव्हरला शाल-श्रीफळ, स्टिअरिंगला झेंडूची माळ. मागच्या काचेवर बॅनर लागणार, 'साहेबांच्या अथक प्रयत्नांतून सुरू असलेली एसटी', ती साहेबांच्या जन्माआधीपासून सुरू असली तरी. प्रत्येक फाट्यावर फुलं आणि फटाके. शाळेची पोरं खाली, कार्यकर्ते वर. आजी एक्स-रे सांभाळत दांडीला धरून उभ्या. तुडीलला उतरल्यावर साहेब भावुक होऊन जाहीर करणार, की या ऐतिहासिक सीटचं नूतनीकरण आमदार निधीतून होईल. वर्षाला 5 कोटींचा निधी, त्यात एक सीट बसते. भूमिपूजन होणार, सीटचं भूमिपूजन कसं करतात हे कोणी विचारणार नाही, कोनशिला मात्र चालत्या गाडीत कुठे बसवायची यावर दोन गटांत हाणामारी होणार. मग गाडी महिनाभर आगारात उभी, आणि लोक चालत.

आता हसू आवरा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि पुरात दोन एसट्या गेल्या. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. राखीव सीटवर कोणी असो वा नसो, त्या गाड्यांत आमदार नव्हता. होते चाकरमानी, म्हातारी माणसं, ड्रायव्हर, कंडक्टर. पुलाला काय झालंय हे ज्याने दर आठवड्याला खिडकीतून पाहायला हवं होतं, त्याच्यासाठीच ती खिडकी राखून ठेवलेली असते. माझा राग त्या रिकाम्या खिडकीवर आहे, च्युइंगमवर नाही.

एकदा निवडून आलेल्या माजी आमदाराला महिना 50 हजार पेन्शन, पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला 2 हजार जास्तीचे. उभा जन्म तिकिटं कापणारा कंडक्टर ईपीएस-95 या पेन्शन योजनेत मोडतो, तिथे किमान पेन्शन 1 हजार. माझी मागणी साधी आहे. साहेबांच्या पेन्शनच्या अर्जाला एसटीची तिकिटं जोडायची सक्ती करा, अधिवेशनागणिक निदान एक. शून्य रुपयांचं चालेल.

हे होईपर्यंत, वाचकहो, ती सीट रिकामी दिसली की बेलाशक बसा. उठवायला कोणी येत नाही.