सोळाशे मीटरनंतर

हिंगोलीत पहाटे पळणाऱ्या पोराला "का पळतोस?" असं कुणी विचारत नाही. "कोणती भरती?" असं विचारतात. पोलीस, सैन्य, राखीव दल. पळायला आमच्याकडे एवढीच कारणं मान्य आहेत.

पोलीस भरतीला पोरांसाठी सोळाशे मीटर, पोरींसाठी आठशे, राखीव दलाला पाच किलोमीटर. सोळाशे मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत काढले की पूर्ण गुण. वयाची अट खुल्या गटाला 28, मागासवर्गीयांना 33. ती उलटली की बूट माळ्यावर. निवड झालेला थांबतो, राहिलेलाही थांबतो. चाळिशीत दोघांची पोटं सारखीच सुटतात, आणि गोळ्यांचा डबाही सारखाच भरतो.

मला याचा राग येतो. वर्षानुवर्षं अंधारात उठून ज्यांनी राउंड मारले, त्यांचे पाय काय भरती मंडळाच्या मालकीचे होते?

आपल्याच मराठवाड्यातला अविनाश साबळे बघा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा त्याचं गाव. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचिनला राहिला. भरती झालेली, पगार सुरू, घरची चिंता मिटलेली. आपल्या हिशेबानं त्याचं पळणं तिथं संपायला हवं होतं. त्याचं खरं पळणं तिथून सुरू झालं. 2015 मध्ये तो सैन्याच्या क्रॉसकंट्रीत उतरला; मधे वजन वाढलं तेही त्यानं उतरवलं. नोव्हेंबर 2020 मध्ये दिल्लीत त्यानं अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत संपवली. त्याआधी एकाही भारतीयानं हे अंतर 61 मिनिटांच्या आत तोडलं नव्हतं.

तुम्हाला साबळे व्हायचं नाही. अर्धमॅरेथॉनचे 21 किलोमीटर 97.5 मीटर पार करायचे आहेत, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचं आहे. किलोमीटरला सात मिनिटं धरली तरी अडीच तासांच्या आत होतं.

जुन्या भरतीवाल्याचा घात इथंच होतो. त्याच्या पायांना सोळाशे मीटरचीच चाल ठाऊक. किलोमीटरला सव्वातीन मिनिटांची ती चाल पंचविशीतली होती. तो पहिल्याच आठवड्यात ती पकडायला जातो आणि दुसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसतो. दम लवकर परत येतो. हाडं, गुडघे आणि टाचेमागची शीर यांना महिने लागतात. म्हणून सुरुवातीला थोडं पळा, थोडं चाला. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकंच हळू पळा. आठवड्यातला एकच दिवस लांब पल्ल्याचा ठेवा आणि तो पल्ला एक-दोन किलोमीटरनंच वाढवा. सोळा-अठरापर्यंत पोचलात की शर्यतीच्या दिवशी उरलेले तीन ते पाच निघतात. याला तीन-चार महिने द्या. बरीच वर्षं पळणं बंद असेल, बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. यात लाज कसली?

दिवसही नीट निवडा. एप्रिल-मेच्या उन्हात आपल्याकडे तयारी सुरू करू नये. पावसाळ्यात सुरू करा, म्हणजे लांब पल्ले थंडीत येतील. काळ्या मातीच्या पाऊलवाटा पावसात चिखल होतात, म्हणून डांबरी रस्त्यावर यावं लागतं. तिथं समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून पळा आणि अंगात उजळ सदरा घाला.

अंतराला घाबरण्याचं तर आपल्याला कारणच नाही. हिंगोलीहून औंढा नागनाथ चोवीस-पंचवीस किलोमीटर. शेगावची पालखी आपल्याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, आणि तिच्यातली साठीची माणसं दिवसाला एवढं सहज चालतात. पायांवर आपला विश्वास पिढ्यांचा आहे.

मैदानं मात्र सरळ मागतो. जिल्हा होऊन पाव शतक उलटलं. साताऱ्यानं 2012 पासून स्वतःची डोंगरातली अर्धमॅरेथॉन उभी केली, आणि आता लोक तिच्यासाठी महिने आधी नाव नोंदवतात. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी पहाटे पाचला उघडणारं, दिवे असलेलं एक मैदान मिळालं तरी पुष्कळ होईल. ते फक्त भरतीच्या मोसमापुरतं नको, बारा महिने हवं.

दिवे सगळ्यांत जास्त लागतात ते बायकांना. आठशे मीटर पळणारी पोरगी लग्नानंतर कुठं जाते? शेजारच्या परभणीची ज्योती गवते 2017 साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. आपण तिच्या बातमीची कात्रणं कौतुकानं दाखवतो, आणि आपल्याच घरातली बाई पळायला निघाली की "लोक काय म्हणतील" काढतो. लोक चार दिवस बोलतील. तोवर सकाळचा चहा, दूध आणि पोरांचे डबे, नवरोबा, तुम्ही बघा. तिला पळायला तास-दीड तास लागतो.