श्रीयुत क्रॅकराव भोपाळकर यांस

मुक्काम : एम. पी. नगर झोन एक, झोन दोन, प्रेस कॉम्प्लेक्स, जुमेराती आणि भोपाळातल्या यच्चयावत डिझाइनवाल्यांचा सी ड्राइव्ह.



आपले घराणे थोर. थॉमस आणि जॉन नॉल या भावांनी घडवलेले फोटोशॉप ॲडोबीने १९९० साली बाजारात आणले, त्याच कुळातले आपण. फक्त कुलूप तोडलेले. इथे कुणी नवा संगणक घेतला की दुकानदार आपणहून विचारतो, "को खां, फोटोशॉप भी डलवाना है?" २०१३ साली ॲडोबीने कायमची विक्री सोडून नव्या आवृत्त्या महिन्याच्या भाड्याने द्यायचे ठरवले, तेव्हा जगभर आरडाओरडा झाला. भोपाळात कुणाच्या हातातला पोह्याचा द्रोणसुद्धा हलला नाही. आपण होतात ना!

आपण ॲडोबीचे शत्रू, असे काही भोळे लोक समजतात. छे, छे! आपण तिचे बिनपगारी प्रचारक. क्लासमधले पोर आपल्यावर हात बसवते, दुसरे काही शिकत नाही, आणि उद्या ते मोठ्या कंपनीत लागले की त्या कंपनीला खरे लायसन्स घ्यावेच लागते. बिल गेट्स १९९८ साली चीनबद्दल बोलताना हे स्वच्छ सांगून बसले आहेत : चोरायचेच असेल तर आमचे चोरा, सवय लागली की वसुलीचे पुढे बघू. ते स्वतःच्या मायक्रोसॉफ्टपुरते बोलले, पण आपला गौरव याहून नेमका कुणी केला असेल?

आपण गळा घोटलात तो दुसऱ्यांचा. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, लिहिलेले गिंप हे फोटोशॉपसारखेच सॉफ्टवेअर १९९६ पासून सगळ्यांना फुकट आहे, तेही राजरोस. त्याची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. इव्हान कुत्स्कीर यांचे फोटोपी तर ब्राउझरमध्येच चालते, फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडते आणि बदल्यात चार जाहिराती दाखवते. अफिनिटी घ्यायला पूर्वी एकदाच पैसे मोजावे लागत. ऑक्टोबर २०२५ पासून त्याच्या मालक कंपनीने, कॅनव्हाने, तेही फुकट केले. पैसे वाचतात म्हणून परदेशात लोक यांच्याकडे वळतात. आमच्याकडे राजाच फुकटात पाणी भरतो, मग प्रधानाला कोण विचारणार?

आणि फुकट म्हणजे तरी किती! आपल्याला घरात घ्यायचे तर आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो. म्हणजे पाहुणा यायचा म्हणून कुत्रा बांधायचा, कडी काढायची, आणि पाहुण्याच्या मागून आणखी कोण कोण आत शिरले ते विचारायचेही नाही. शिवाय कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब आहेच. चोरीची प्रत जाणूनबुजून धंद्याला लावली तर किमान सात दिवस, कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. पण ही कलमे वाचायला दुकानात सवड कुणाला?

माझा खरा राग मात्र मराठीपायी आहे. स्टुडिओवाल्यांचे लाडके फोटोशॉप ७.० हे २००२ सालचे. त्याला देवनागरीची जुळणी येतच नाही. आमच्या गणेशोत्सवाची पत्रिका यूनिकोडमध्ये टाइप करून दिली, तर 'कीर्तन'चा रफार उतरून शेजारी पाय मोडून बसला आणि 'निमंत्रण'ची वेलांटी 'न'च्या पलीकडे जाऊन पडली. ऑपरेटर शांत. "सर, मराठी में ऐसा ही आता है." मग त्याने सगळा मजकूर कृतिदेव या जुन्या, यूनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केला आणि त्यात नव्या चुका घातल्या. फोटोशॉपच्या सीएस सिक्स आवृत्तीपासून जुळणीची सोय आली खरी, पण ती एका मेनूत दडवलेली. आपल्याकडून फुकट घेणारा तो मेनू कशाला शोधेल? गिंपमध्ये तेच 'कीर्तन' काही न करता सरळ उमटते.

एक मुद्दा आपल्या बाजूचा, तो मान्य करतो. छपाईच्या सीएमवायके रंगांत गिंप अजून कच्चे आहे. त्यासाठी क्रिता हे दुसरे सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. पण नवे बटण कुठे आहे ते शोधायचे म्हणजे एक संध्याकाळ जाते, आणि एम. पी. नगरात संध्याकाळ फार महाग.

यंदाची पत्रिका मी घरीच गिंपमध्ये केली आणि छापखान्यात पीडीएफ दिली. छापून आली, रफार जागच्या जागी. काउंटरवरच्या मुलाने ती उलटसुलट करून पाहिली, कशात केली ते विचारले आणि मग हळूच म्हणाला, "सर, इसका क्रॅक कहाँ से मिला?"

त्याला काय सांगू, तेवढे आपण कळवावे.