कामकाजात खंड न पडता

'संगणकांवरील कार्यप्रणाली नव्याने बसविताना दैनंदिन कामकाजात कोणत्याही प्रकारे खंड पडू देऊ नये', असे फर्मान ज्या कचेरीतून सुटले, तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वाचक तेथे एकदा तरी ताटकळलेले आहेत. 'विंडोज १०' या प्रणालीच्या नेहमीच्या दुरुस्त्यांची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे जगजाहीर होते, आणि ती उलटून गेल्यावर कचेरीस जाग आली, हे रीतीस धरूनच झाले.

फॉरमॅट मारणाऱ्या तरुणाने "डेस्कटॉपवरचं काही ठेवायचंय का?" असे विचारताच "सगळं डी ड्राइव्हला टाकलंय, मार बिनधास्त," असे उत्तर मिळाले. आणि खरोखरच, वाचकहो, एकही फाइल गहाळ झाली नाही. गेला तो केवळ फॉन्ट. कारण तो बिचारा सी ड्राइव्हच्या उदरात वस्तीस होता.

आता फॉन्ट गेला म्हणजे काय गेले, हे ज्यास कळत नाही त्याने त्या टेबलासमोर वारसनोंदीच्या तगाद्यासाठी उभ्या असलेल्या इसमाची मुद्रा पाहावयास हवी होती. कृतिदेव घराण्यातील फॉन्टात संगणकाच्या लेखी 'क' नसतोच. असतो तो रोमन 'डी', आणि काना म्हणजे रोमन 'के'. त्यांवर मराठीचा मुखवटा चढविलेला असतो इतकेच. मुखवटा उतरताच मजकूर इसमाचे दिवंगत काका पडद्यावर 'डीके डीके' होऊन प्रकटले, आणि या नावाचा पुरुष आपल्या कुळात झालाच नाही असे तो शपथेवर सांगू लागला, तेव्हा लिपिकमहाशय अत्यंत सौजन्याने म्हणाले, "काम चालूच आहे हो, फक्त वाचता येत नाही." युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली, तीतच देवनागरी होती, त्या वर्षी जन्मलेल्या मुलाच्या कानशिलांवर आज पिकले केस दिसू लागले असतील, आणि तरीही कागदावर छापून आले की मराठी झाली, मग यंत्राच्या पोटात ती मराठी आहे की रोमन अक्षरांचा कचरा याची पंचाईत करतो कोण, अशा निगरगट्टपणाने ज्यांनी दप्तरेच्या दप्तरे शोधताही येऊ नयेत अशी लिहून ठेवली, त्यांना भाषागौरव दिनी व्यासपीठावर फेटे बांधले जातात, याचा आम्हांस संताप येतो, आणि तो आम्ही लपवू इच्छीत नाही!

अखेरीस शेजारच्या खात्यातील कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून तोच फॉन्ट पैदा करण्यात आला, त्याच फॉन्टात हुकुमाच्या तामिलीचा अहवाल टंकलिखित होऊन ईमेलने वरिष्ठांकडे रवाना झाला, तेथील संगणकांनाही नुकताच फॉरमॅट मारलेला असल्याने तो आरंभापासून अंतापर्यंत रोमन अक्षरांतच उघडला, आणि त्यावर साहेबांनी तत्काळ शेरा मारला: 'वाचले. समाधानकारक.'