भाच्यानं लिनक्स टाकलं

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० वरची माया पातळ केली. विंडोज ११ हवं तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर पाहिजे, वर टीपीएम २.० नावाची चिप. सास्तूरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची पिढी कोण मोजतो? पंखा फिरतोय, म्हणजे तरणा आहे. तेवढ्यात पुण्यात शिकणारा भाचा दिवाळीला येतो आणि म्हणतो, "मामा, लिनक्स टाकू. फुकट आहे."

फुकट हे आमिष इथं चालत नाही. विंडोज तरी विकत कोणी घेतलंय? रिपेअरवाला पोरगा चहा पिता पिता टाकून जातो. त्याचा एक धर्म मात्र पक्का असतो: सी ड्राइव्ह पुसायचा, डी ला हात लावायचा नाही. लिनक्सच्या इन्स्टॉलरला हा धर्म ठाऊक नाही. 'डिस्क पुसा' म्हटलं की तो अख्खी डिस्क पुसतो. लग्नपत्रिकांचे नमुने, गावभरच्या अर्जांचे मसुदे, सगळं डी सकट गेलं. भाचा तोवर सोलापूरच्या पुढं.

समजा, डी वाचला. मामा जुना अर्ज उघडतात, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. त्यात लिनक्सचा काडीचा दोष नाही. आपण वर्षानुवर्षं कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टांत लिहीत आलो. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट नाही, तर मराठी नाही. लिनक्समध्ये युनिकोड मराठी आणि इन्स्क्रिप्ट कळफलक फुकट मिळतो, पण मामांची बोटं टाइपरायटरच्या कळफलकावर म्हातारी झालीत. फॉन्ट आणून टाकता येतो, हे भाच्यानं सांगायला हवं होतं. तो डेस्कटॉपचे रंग बदलत बसला होता.

मग प्रिंटर. मग अंगठ्याचं यंत्र. मामा सवयीनं ड्रायव्हर डाउनलोड करून त्यावर दोनदा टिचकी मारतात. फाइल ईएक्सई, म्हणजे विंडोजची, लिनक्स ढिम्म. दुकानात म्हातारी उभी, तिचा अंगठा उमटत नाही. तिला मुक्त सॉफ्टवेअरचं तत्त्वज्ञान कोण समजावणार? खुद्द सरकारच्या सी-डॅक संस्थेनं २००७ मध्ये 'बॉस' नावाचं देशी लिनक्स काढलं. पण साहेबाच्या टेबलावर विंडोजच, आणि साहेब पाठवील ती फाइल मामांच्या दुकानात उघडलीच पाहिजे.

नव्या जागी जाणं म्हणजे काय, हे सास्तूरच्या या भागाला शिकवू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर इथल्या गावांनी सरळ रेषेतल्या वसाहती पाहिल्या. भिंती मजबूत, रस्ते रुंद. बऱ्याच नकाशांत गोठ्याला मात्र जागा नव्हती. लिनक्सवाले भिंतींबद्दल तासभर बोलतात. व्हायरस कमी, जुन्या मशीनवर पळतं, सगळं खरं. उबुंटू बरं की मिंट, यावर तर हाणामारीची तयारी. मामांना उद्या सकाळी काय छापायचंय, हे एकानंही विचारलेलं नसतं.

तर भाचेबुवा, पेनड्राइव्हवरून लिनक्स आधी नुसतं चालवून दाखवा, काही न पुसता. तशी सोय आहे. डी दुसऱ्या डिस्कवर उतरवा. विंडोज शेजारी राहू द्या. म्हातारीचा अंगठा उमटला, प्रिंटरमधून सातबारा बाहेर आला, की मग एसटी धरा.